आंबट पाणी आणि तीर्थ

सप्तापूर, धारवाड
२३ सप्टेंबर २०२४

चि. यशवंतास,
अ. उ. आ.

तू पाठवलेली बाटली पोचली. वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर 'काचसामान जपून' असं लिहिलेलं पाहून मला वाटलं लक्ष्मीनं लोणचं पाठवलं. उघडते तो सफरचंदाचं व्हिनेगर. सोबत तुझी चिठ्ठी, की तळाचा गाळ फेकू नकोस, त्याला 'मदर' म्हणतात आणि सगळा गुण त्यातच असतो. यशवंता, जंतूंच्या सायीला तू आई म्हणायला लागलास. आपल्या आईनं हे ऐकलं असतं तर लाटणं घेऊन दुर्गदबैलच्या बाजारभर तुझ्यामागे धावली असती.

फोन करणार होते, पण अप्पांनी घालून दिलेला नियम आठवला. बहीणभावांनी भांडायचं ते कागदावर भांडायचं, तोंडानं नाही. शिवाय कानातलं यंत्र हल्ली फोन लावला की शिट्टी मारतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून मी बाहेर पडले तेही याच पाण्यापायी. सकाळी डोळे उघडावेत तर तुझा निरोप हजर: व्हिनेगरनं कोंडा जातो, चामखीळ गळते, ढेकर थांबतात, फरशी चमकते, रक्त शुद्ध होतं. जे फरशीलाही चालतं आणि रक्तालाही चालतं, त्याच्याबद्दल शहाण्या माणसाला थोडी शंका यायला हवी. तुला आली नाही.

मी जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं, म्हणून फुकट सांगते. व्हिनेगर म्हणजे पाण्यात थोडं अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड. कोप्पीकर रोडवरच्या गोबी मंचुरीच्या गाड्यावर जे शिंपडतात त्याचंच हे जरा शिकलेलं भावंड. जेवणाबरोबर चमचाभर घेतलं तर साखर किंचित सावकाश चढते, असं काही लहानसहान पाहण्यांत दिसलंय, हे मी मान्य करते. पण तेवढ्यानं मधुमेह जात नाही. तुझ्या गोळ्या चालू आहेत ना? बाकी कशाचंही उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, एवढ्याचं दे.

तुझ्या बाटलीनं मी पितळी समई घासली. छान निघाली. लक्ष्मीला आशीर्वाद. अक्कल सोडून बाकी सगळं तुला देवानं भरपूर दिलंय, ते टिकून राहो.

तुझी
मालतीअक्का

*

दुर्गदबैल, हुबळी
२ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोठ्यानं वाचलं. कामाची पोरं पोट धरून हसली. समई घासलीस हे वाचून वाईट वाटलं, पण पितळेला गुण आला म्हणतेस, मग माणसाला का येणार नाही, याचं उत्तर तुझ्या रसायनशास्त्रात आहे का?

हे पाणी मला मधुकररावांनी दाखवलं. बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, आता रिटायर झालेत. सकाळी उणकल तळ्यावर आमच्याबरोबर फिरायला येतात. स्वतः घेतात, घरच्यांना देतात, कुत्र्यालाही देतात. मी सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून घेतो, रात्री जेवणाआधी घेतो. पोट आत गेलं, पँट सैल झाली. लक्ष्मीनं केसांना लावलं, केस मऊ झाले. भाजी त्यातच धुतो. तुला एक गंमत सांगतो. हे फळाचं पाणी असल्यामुळे एकादशीलाही चालतं. परवाच्या एकादशीला मी दिवसभर तेवढ्यावरच राहिलो आणि चक्कर सोडली तर काही त्रास झाला नाही.

पायालासुद्धा फार चांगलं आहे. नव्या चपलेनं करंगळीजवळ चावलं होतं, तिथं चीर पडली. आता रोज रात्री बादलीत व्हिनेगर घालून पाय बुडवून बसतो. सुरुवातीला झोंबायचं. आता तर अजिबात दुखत नाही.

तू हसणार हे माहीत आहे. ज्याच्यावर दहा लोक श्रद्धा ठेवतात ते दिसलं की तुझ्या हाताला खाज सुटते. अप्पांच्या वर्षश्राद्धाला तू काय केलंस ते मी विसरलेलो नाही. बाळाचार्यांच्या घरचं तीर्थ कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेऊन तपासलंस, आणि पानं वाढलेली असताना त्यात कुठले कुठले जंतू सापडले ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलंस. आचार्य भरल्या पानावरून उठले. तेव्हापासून तू त्यांच्या माळमड्डीच्या रस्त्यानं भाजीलाही जात नाहीस आणि ते तुझं नाव घेत नाहीत. ते अजूनही आपले कुलपुरोहित आहेत अक्का, आणि मी त्यांचा शब्द खाली पडू देत नाही. निदान माझ्या व्हिनेगरचा तरी रिपोर्ट काढू नकोस.

लक्ष्मी नमस्कार सांगते. तुझी जीभ अशीच धारदार राहो आणि माझ्यावर कमी चालो.

तुझा
यशवंत

*

सप्तापूर, धारवाड
७ ऑक्टोबर २०२४

चि. यशवंतास,
अ. उ. आ.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या मधुकररावांची कीव आली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चेकांवर शिक्के मारले, आता तळ्याकाठी लोकांच्या तब्येतीवर मारतात. त्या कुत्र्याला बोलता येत असतं तर त्या घरातलं एकमेव शहाणं मत ऐकायला मिळालं असतं.

दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. एक, गोळ्यांबद्दल तू अवाक्षर लिहिलं नाहीस. सगळ्या घराच्या केसांचा आणि भाजीचा हिशेब दिलास, पण मी विचारलेलं एकच वगळलंस. तुला लपवाछपवी लहानपणापासून जमत नाही. दोन, एकादशीला चक्कर आली ती तुला 'काही त्रास नाही' या सदरात घालावीशी वाटली. तीन, आणि हे नीट वाच. मधुमेहाच्या माणसाच्या पायाची जखम आधी दुखत होती आणि आता दुखत नाही, ही आनंदाची बातमी नसते. नसा बधिर झाल्या की दुखायचं थांबतं. उघड्या जखमेवर रोज अ‍ॅसिड ओतून तू ती बरी करत नाहीस, भाजतोस.

उद्याच्या उद्या डॉक्टरांकडे जा. फळाचं पाणी म्हणून एकादशीला चालतं की नाही यात मला रस नाही. अप्पांनी आपल्याला शाळेत घातलं ते कशासाठी, असा प्रश्न मात्र पडतो. दुकानात कापडाचा ताणा-बाणा नखानं उलगडून पाहणारा माणूस औषधाच्या बाबतीत इतका बावळट कसा होतो?

पायाचा फोटो काढून पाठव. ग्रुपवर नको, मला एकटीला. रागावले आहे, आणि ते तसंच राहू देण्याची तजवीज तू करशीलच.

तुझी
मालतीअक्का

*

दुर्गदबैल, हुबळी
१५ ऑक्टोबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

दसरा चांगला झाला. दुकानात गर्दी होती. बावळट माणसाकडूनही लोक कापड घेतात.

पाय ठीक आहे. फोटो काढण्यासारखं काही नाही. तू मास्तरीण होतीस, मी तुझा विद्यार्थी नव्हतो आणि आता या वयात होणार नाही. या विषयावर पुन्हा लिहू नकोस. कन्नडात सांगायचं तर बिडु, सोडून दे.

तब्येतीला जप.

यशवंत

*

दुर्गदबैल, हुबळी
६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

मी तुम्हाला कधी वेगळं पत्र लिहिलं नाही. यांना सांगू नका. फोन केला असता, पण घरात यांचे कान सगळीकडे असतात आणि मला मोठ्यानं बोलावं लागलं असतं.

यांनी साखरेच्या गोळ्या गणपतीच्या आधीच बंद केल्या. मधुकररावांनी बंद केल्या, मग यांनीही केल्या. मी विचारलं तर म्हणाले, घेतो. नंतर कपाटामागे सगळी पाकिटं तशीच सापडली. दिवाळीत अभ्यंगाला पाय चोळताना मी करंगळी पाहिली. काळी पडली आहे अक्का. कडेनं पू येतो आणि वास येतो. दुकानात बैठकीवर बसतात तेव्हा शेजारी उदबत्ती लावून ठेवतात, लोकांना वाटतं देवाची आहे. अंगात बारीक ताप आहे. डॉक्टरांचं नाव काढलं तर जेवण सोडून उठतात. मुलगा बेंगळुरूहून फोनवर रडला, त्यालाही तसंच गप्प केलं.

लहान तोंडी मोठा घास घेते, राग मानू नका. तुमची पत्रं हे दुकानात वाचून दाखवतात आणि लोक हसतात. मग रात्री बादली भरताना म्हणतात, अक्का बघतच राहील. तुम्ही जितकं हिणवता तितके हे हट्टाला पेटतात. मी किती सांगितलं तरी बायकोचं बोलणं म्हणून सोडून देतात. हे ऐकतात ते फक्त बाळाचार्यांचं, आणि त्यांना कळवायला सांगितलं तर म्हणतात, आचार्यांना माझ्या पायाची गोष्ट कळली तर माझ्या घरात राहू नकोस. मी काय करू? तुम्हीच सांगा.

या घरावर तुमची माया आहे हे मला माहीत आहे, ती आता उपयोगी पडू दे.

तुमची
लक्ष्मी

*

सप्तापूर, धारवाड
८ नोव्हेंबर २०२४

चि. सौ. लक्ष्मीस,
अ. उ. आ.

तू बरोबर लिहिलंस, आणि लहान तोंडानं लिहिलं नाहीस. आचार्यांना तू कळवायचं नाहीस, तुला घर मोडून घ्यायचं नाही. जे करायचं ते मी करते.

मला काही आता त्याला समजवायचं नाही. समजण्याचा आणि त्याचा संबंध त्या बाटलीत बुडाला. तुला एक सांगून ठेवते, व्हिनेगर व्हायच्या आधी त्या सफरचंदाच्या रसाची दारू झालेली असते. दारू आंबली की व्हिनेगर. हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. एकादशीची फुशारकी त्यानं मारली तेव्हा ही एक ओळ लिहून मी त्याला गप्प करू शकले असते. लिहिली नाही, कारण सोवळ्याओवळ्याच्या काठीनं भांडण जिंकायचं नाही असं मी फार पूर्वी ठरवलं होतं. माझ्या तत्त्वापायी त्याचा पाय जायला लागला.

उद्या सकाळी बाहेर जाणार आहे. मोबाइल जवळ ठेव. दवाखान्याची पिशवी भरून दाराआड ठेव, त्याच्या नजरेला पडू देऊ नकोस. धीर धर.

तुझी
मालतीअक्का

*

हुबळी
१६ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कांच्या चरणी,
शि. सा. न. वि. वि.

दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते. करंगळी काढली. पाय राहिला. डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असतात तर घोट्यापासून काढावा लागला असता. यांच्यासमोरच म्हणाले, कन्नडमधून, चांगलं खडसावून. हे भिंतीकडे बघत होते. ताप उतरला आहे. साखर अजून चढती आहे, इंजेक्शनं चालू आहेत.

कसं झालं ते सांगते. एकादशीच्या तीन दिवस आधी बाळाचार्य स्वतः दुकानात आले. ते कधी दुकानात येत नाहीत, हे बैठकीवरून धडपडत उठले. आचार्य बसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, तुमच्या घरात दारूपासून केलेलं पाणी आहे आणि तुम्ही ते एकादशीला पिता असं कळलं, ते घरात असेपर्यंत मी तुमच्याकडे येणार नाही. मग पायाकडे बोट दाखवून म्हणाले, अंगावर वाहती जखम असताना देवाला हात लावायचा नसतो, आधी वैद्याकडे जाऊन ती बरी करून घ्या, मग पूजेला बसा. गिऱ्हाईकं उभी होती. आचार्य माडीवरच्या दुकानातून उतरायला लागले तेव्हा मी जिन्यात त्यांना गाठून विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं? त्यांनी सांगितलं ते यांनीही वरून ऐकलं. मग हे खाली आले, चपला शोधल्या, आणि रिक्षा बोलाव म्हणाले. मी दाराआडची पिशवी काढली. कधी भरलीस, असंही विचारलं नाही.

आचार्य काय म्हणाले ते मी लिहीत नाही. हे स्वतः लिहिणार आहेत.

तुमच्या पायांवर डोकं ठेवते.

तुमची
लक्ष्मी

*

दुर्गदबैल, हुबळी
२५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

घरी आलो. पलंगावर पडून लिहितो, अक्षर वाकडं आहे. मधुकरराव भेटायला आले होते. जखमेसाठी कसलासा काळा लेप घेऊन आले होते. लक्ष्मीनं त्यांना दारातच चहा दिला आणि लेपासकट परत पाठवलं. त्यांनी स्वतः गोळ्या पुन्हा सुरू केल्या आहेत, हे मला त्यांच्या बायकोकडून कळलं. मला सांगायला मात्र त्यांना सवड झाली नाही.

तुला वाटत असेल की दारूचं ऐकून मी घाबरलो. तसं नाही. ते मला ठाऊक होतं. फिरायला येणाऱ्यांपैकी एकानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, आणि मी त्यावर उत्तरही शोधून ठेवलं होतं, की आंबलं म्हणजे दारूपण संपलं. आचार्यांशी मी त्यावर वाद घातला असता. जखमेचंही त्यांना सांगणार होतो, की पूजा महिनाभर लक्ष्मी करेल. मी हटलो नसतो अक्का. तुला माझा हट्ट माहीत आहे.

पण लक्ष्मीनं जिन्यात विचारलं आणि आचार्यांनी सांगितलं. म्हणाले, मालतीबाई आल्या होत्या. सकाळी माझी पूजा होईपर्यंत ओट्यावर बसून राहिल्या. बाहेर आलो तर उठून नमस्कार केला. भावाचा पाय सडतोय, तो फक्त तुमचं ऐकतो, म्हणाल्या. मी म्हटलं, आधी तीर्थ घ्या. त्यांनी हात पुढे केला आणि तीर्थ घेतलं.

मी वर जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. तू त्या तीर्थात काय काय आहे ते भर पंगतीत वाचून दाखवलं होतंस. अप्पांच्या श्राद्धाला तू ते घेतलं नाहीस. आईला अखेरचं तीर्थ देतानाही चमचा मला धरायला लावलास. तू ज्या दिवशी तीर्थ प्यालीस त्या दिवशी मला कळलं की माझं काही खरं नाही. तुझी सगळी पत्रं मला तेवढं सांगू शकली नव्हती. आचार्यांची पाठ वळायच्या आत मी चपला शोधायला लागलो.

उरलेल्या बाटल्या लक्ष्मीनं मोरी धुवायला काढल्या आहेत. गोळ्या तिच्या ताब्यात आहेत, ती समोर उभी राहून गिळायला लावते.

माझ्यावर रागावणं सोडू नकोस, दुसरं काही मागत नाही.

तुझा
यशवंत

*

सप्तापूर, धारवाड
२८ नोव्हेंबर २०२४

चि. यशवंतास,
अ. उ. आ.

अक्षर वाकडं आहे खरं. पण पूर्वीही फार सरळ नव्हतं, तेव्हा पायावर ढकलू नकोस.

तुझ्या मधुकररावांना माझा निरोप सांग, की गोळ्या सुरू केल्याची बातमी त्यांनी तळ्याकाठी तितक्याच मोठ्या आवाजात सांगावी जितक्या मोठ्या आवाजात बंद केल्याची सांगितली होती. सांगणार नाहीत. अशा माणसांचा आवाज त्या वेळी नेमका बसतो. व्हिनेगरनं तोही सुटत नाही.

आचार्यांनी मला बसायला चटई दिली नाही, हे त्यांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही. गार ओट्यावर बसवलं. शिवाय मी वाकले तेव्हा आशीर्वाद देण्याआधी त्यांनी जरा वेळ लावला. त्यांना तो वेळ घेऊ दिला. भरल्या पानावरून उठलेल्या माणसाचा तेवढा हक्क असतो. पण दुपारीच स्वतः बस पकडून हुबळीला जातो म्हणाले, तेव्हा मी त्यांना छत्री दिली. परत करायला आले तर चहा देणार आहे.

तुझ्यासाठी मऊ तळव्याच्या चपला घेतल्या आहेत, रविवारी घेऊन येते. रोज संध्याकाळी दोन्ही पाय आरशात धरून बघायचे, घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही, आणि ढोंग करायचं नाही. मी आठवडाभर राहणार आहे, तेव्हा अप्पांचा नियम तेवढ्यापुरता बाजूला ठेवू. मला तोंडानं भांडायचं आहे.

आणि ते तीर्थ. त्यात तेव्हाही जंतू होते, आजही असतील, माझं मत कणभर बदललेलं नाही. वास आला, तुळशीचं पान दाताला चिकटलं, तरी गिळलं. पुन्हा लागलं तर पुन्हा पिईन. पण यशवंता, ती वेळ आणू नकोस.

तुझ्यावरचा राग शाबूत आहे, त्याच्याखाली जे आहे तेही.

तुझी
मालतीअक्का